त्रेसष्ट सांगितलं, छत्तीस लिहिलं

नायगावच्या आमच्या चाळीत संध्याकाळी सहा ते आठ मी पोरांचा अभ्यास घेते. गॅलरीत सतरंजी, भिंतीला टेकवलेला फळा, आणि खाली नळाला पाणी आलं की अर्धा वर्ग कळश्या घेऊन पसार. गेल्या पावसाळ्यात दुसरीतल्या एका मुलीला सांगितलं, "लिही, त्रेसष्ट." तिने लिहिलं ३६.

ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांच्यात आपण छत्तीसचा आकडा आहे म्हणतो, कारण देवनागरीतले तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात. समोरासमोर बसलेल्या सहा-तीनला हिने उठवून पाठमोरं बसवलं होतं.

चाळ म्हटल्यावर सल्ले लगेच आले. दारात तांदूळ निवडत बसलेली आजी म्हणाली, "दहादा लिहून घे, बरोब्बर येईल." मुलीच्या आईने आतूनच विचारलं, "लक्ष कुठे असतं गं तुझं?" बँकेतून रिटायर झालेले शेजारचे काका म्हणाले, "लहान डोक्यावर किती भार टाकता तुम्ही!" सातवीतला तिचा दादा वही ओढून म्हणाला, "आण इकडे, मी दाखवतो." ती मात्र गप्प होती, कारण तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

आजी, काका आणि दादा यांच्या एकेका वाक्यामागे कितीतरी वर्षांचं संशोधन उभं आहे. मलाही डी.एड. करताना ते दहा मार्कांपुरतंच ठाऊक होतं: उपपत्ती, ती मांडणारा, वैशिष्ट्ये, शैक्षणिक उपयोजन. थॉर्नडाइकचं मांजर, पावलॉव्हचा कुत्रा, स्किनरची कबुतरं, कोहलरचा चिंपांझी: एकेका मानसशास्त्रज्ञाचं एकेक जनावर. आमच्या होस्टेलात या पेपरला राणीची बाग म्हणायचे. माणसाचं पोर त्या बागेत बरंच उशिरा येतं.

आजीपासून सुरुवात करू. एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ साली भुकेल्या मांजरांना पिंजऱ्यात कोंडलं. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे, बाहेर खाऊ ठेवलेला असे. मांजर आधी ओरबाडे, चावे, धडपडे आणि कधीतरी चुकून खटका दाबला जाई. पुन्हा कोंडलं की सुटायला थोडा कमी वेळ लागे. एकदम 'अरे हो!' असा साक्षात्कार मांजराला झालेला दिसला नाही, सवय हळूहळू पक्की होत गेली. ज्या कृतीनंतर सुख मिळतं ती टिकते, बाकीच्या गळून जातात. पुढे बी. एफ. स्किनरने याच कल्पनेचं शास्त्र केलं. १९५३ साली तो आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला आणि अस्वस्थ होऊन परतला. आपलं उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हतं, आणि ज्याला येतं तो आणि ज्याला येत नाही तो, दोघांना एकाच वेगाने हाकलं जात होतं. त्याने एक शिकवण्याचं यंत्रच बनवलं: छोटा प्रश्न, लगेच निकाल, मग पुढचा प्रश्न. आज मोबाइलवरची ॲप उत्तर बरोबर आलं की टिंग करून चांदणी देतात, ती याच यंत्राची नातवंडं.

याला हसायचं कारण नाही. दादरला गाडी थांबायच्या आत हात आपोआप खिशाकडे जातो, तो असाच शिकलेला असतो. पाढेही असेच बसतात. पण आजीच्या उपायात एक भोक आहे. समोर ६३ ठेवून दहादा उतरवून घेतलं तर शिकतो हात. कानावर पडलेल्या शब्दाचा आकडा करायचं कसब तसंच राहतं, आणि उद्या चौऱ्याहत्तर सांगितलं की वहीत ४७ उमटतं.

सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मी तिला विचारलं, "त्रेसष्ट कसं लिहिलंस गं?"

ती म्हणाली, "आधी त्रे आलं ना ताई, मग सष्ट."

तिचं चुकलं कुठे? अक्षरं शिकवताना आपणच तिला सांगितलं होतं, जसं ऐकू येतं तसं लिहायचं. 'कमळ' ऐकलं की आधी क, मग म, मग ळ. (पहिली वेलांटी या नियमाला बगल देते आणि व्यंजनाच्या आधी येऊन बसते, पण ते कुठलं पोर सहज स्वीकारतं?) अक्षरांचा नियम तिने इमानदारीत आकड्यांना लावला. लक्ष नव्हतं, असं तर अजिबात म्हणता येणार नाही. लक्ष होतं म्हणूनच ३६ आलं.

चुकीच्या उत्तराला स्वतःचं तर्कशास्त्र असतं, हे ज्याने जगाला दाखवलं तो स्वित्झर्लंडचा मानसशास्त्रज्ञ झां पियाजे. १९२०च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याच्याकडे मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या तपासायचं काम होतं. बरोबर उत्तरं मोजणं एवढंच अपेक्षित होतं, पण त्याचं लक्ष चुकांकडे गेलं. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकतात, हे त्याला दिसलं. मग त्याने आयुष्यभर मुलांना 'असं का म्हणतोस?' हा प्रश्न विचारला, त्यात त्याची स्वतःची तीन मुलंही आली.

त्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग घरी चहा गाळताना करून बघा. दोन सारख्या कटिंगच्या ग्लासांत सारखा चहा घ्या. चार-पाच वर्षांचं मूल म्हणेल, दोन्हींत सारखा आहे. आता एका ग्लासातला चहा त्याच्यादेखत बशीत ओता आणि विचारा, जास्त कशात? बहुतेकदा उत्तर येतं, ग्लासात. उंची दिसते, पसारा लक्षात येत नाही. साधारण सातव्या वर्षाच्या आसपास तेच मूल तुमच्याकडे 'एवढं कळत नाही?' अशा नजरेने बघतं. मधल्या काळात त्याला कुणी व्याख्यान दिलेलं नसतं. ओतून, सांडून, भावंडाशी 'तुला जास्त' म्हणून भांडून त्याने ते स्वतः उभारलेलं असतं. पियाजेचं म्हणणं एवढंच: नवीन गोष्ट आपण आधी जुन्या समजुतीत कोंबून बघतो, ती अगदीच मावली नाही की समजूत बदलतो. शिकणं घडतं ते या बदलात.

पियाजेने मुलांना थोडं कमी लेखलं, हेही सांगायला हवं. १९७४ साली ब्रिटनमध्ये अशाच एका प्रयोगात मोठ्या माणसाऐवजी एका खोडकर टेडीने मांडामांड बिघडवली, तर बरीच जास्त मुलं बरोबर उत्तरली. मोठं माणूस समोर काहीतरी बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा मुलाला वाटतं की आधीचं उत्तर चुकलं असणार. ज्यांनी कधीही तोंडी परीक्षा घेतलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. "नक्की?" एवढं म्हटलं की पोरगं उत्तर फिरवतं.

पियाजेपासून निघालेला विचार महाराष्ट्रात ज्ञानरचनावाद या भारदस्त नावाने आला. २०१५ नंतर तर तो शिक्षकांच्या दर बैठकीत ऐकू यायचा. काही शाळांनी त्यातून खरोखर सुंदर काम केलं. काही ठिकाणी मात्र वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटने आकडे आणि साप-शिड्या रंगवल्या, फोटो काढले, आणि झाला रचनावाद. फरशी रंगवली म्हणून कुणी पोराला 'असं का म्हणतोस?' विचारायला लागतं असं नाही.

त्रेसष्टकडे परत येते, कारण या आकड्यावरून महाराष्ट्रात खरंच रण माजलं होतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात तेवीसला 'वीस तीन', त्रेसष्टला 'साठ तीन' असं वाचायची पद्धत आली आणि मराठीवर घाला आल्यासारखी ओरड झाली. वाद विधिमंडळापर्यंत गेला, विनोदांना ऊत आला. पुस्तकाच्या समितीच्या वतीने गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या मुलांसाठी ही एक जास्तीची वाट आहे. ऐकायला वेळ कुणाला होता!

मराठी शब्द गोड आहेत, मीही त्यातच वाढले. पण सहा-सात वर्षांच्या डोक्यात काय घडतं ते बघा. 'त्रेसष्ट' ऐकलं. 'त्रे' म्हणजे तीन, हे आधी ओळखायचं, कारण त्यात 'तीन' कुठे ऐकू येत नाही. ते मनात धरून ठेवायचं. मग 'सष्ट' म्हणजे साठ. साठचा सहा आधी लिहायचा, आणि मनात धरलेला तीन नंतर. चिनी मूल 'सहा-दहा-तीन' अशा अर्थाचे शब्द उच्चारतं, म्हणजे बोललं तसंच लिहिलं की झालं. जर्मनमध्ये आपल्यासारखंच 'तीन-आणि-साठ' म्हणतात, आणि जर्मन बोलणारी मुलंही आकडे उलटे लिहितात. शिवाय आपल्याकडे बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट असा दोनचा प्रत्येक वेळी नवा अवतार, म्हणून शंभरपर्यंतचं जवळजवळ प्रत्येक नाव स्वतंत्र पाठ करायचं. काकांचा 'भार' शब्द अगदी नेमका होता. जॉन स्वेलरने १९८८ साली याच अर्थाचा सिद्धांत मांडला: काम करताना मन एका वेळी फार थोड्या गोष्टी धरू शकतं, आणि शिकवण्याच्या पद्धतीनेच त्या जागा भरून टाकल्या तर शिकायला जागा उरत नाही.

किती गोष्टी? जॉर्ज मिलरने १९५६ साली साधारण सात म्हटलं होतं. नंतरच्या अभ्यासांनी आकडा चारपर्यंत खाली आणला. पण 'एक गोष्ट' म्हणजे काय, हे माणसागणिक बदलतं. गावाहून नुकत्याच आलेल्या पाहुण्याला मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल ही चार वेगळी नावं असतात आणि तो डब्यातल्या नकाशाकडे टक लावून उभा असतो. आपल्याला तो एकच तुकडा असतो, एका दमात म्हटलेला. १९७३ साली बुद्धिबळाच्या पटावर हेच दिसलं. खऱ्या डावातला पट काही सेकंद दाखवला तर कसलेल्या खेळाडूने तो नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त मांडून दाखवला. सोंगट्या वाटेल तशा ठेवल्या, तेव्हा त्याची ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. त्याची स्मरणशक्ती मोठी नव्हती, त्याचे तुकडे मोठे होते.

पाठांतराची बाजू मला घ्याविशी वाटते ती इथे. 'पाठांतर नको, समज हवी' असं पालकसभेत म्हटलं की टाळ्या पडतात. पण सात आठे छप्पन्न ज्याला आपोआप येतं, त्याचं मन भागाकाराच्या पायऱ्यांसाठी मोकळं राहतं. ज्याला ते दर वेळी बोटांवर मोजावं लागतं तो भागाकारात नव्हे, गुणाकारातच थकतो. जुने लोक पावकी, निमकी, दिडकी घोकायचे ते काही वेडे नव्हते. त्यांना बाजारात कागद न घेता हिशेब करायचा होता.

बाजाराचा विषय निघालाच आहे तर ब्राझीलची गोष्ट सांगते. रेसिफी शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून तोंडी हिशेब विचारले तर उत्तरं सुमारे ९८ टक्के बरोबर. त्याच प्रकारची गणितं नंतर कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तर ३७ टक्के. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २०२५ साली आला. त्यातही बाजारात चोख हिशेब करणारी मुलं वहीत अडली. शाळेत शिकणाऱ्या, पण बाजाराची सवय नसलेल्या मुलांची गत उलटी झाली: वहीतलं जमे, बाजारातलं नाही. माझ्याकडे एक मुलगा येतो, त्याची आई मासळी बाजारात बसते. दीडशेला एक वाटा, तर पाच वाटे केवढ्याला, याला तो पापणी लवायच्या आत साडेसातशे म्हणतो. वहीत १५० गुणिले ५ दिसलं की पेन्सिल चघळतो. त्याला गुणाकार येतो की नाही, या प्रश्नाचं उत्तर कुठल्या जागी उभं राहून विचारता त्यावर ठरतं. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली हे सिद्धांताच्या रूपात मांडलं: शिकणं डोक्यात एकटं बसत नाही, ते माणसांत आणि कामांत गुंफलेलं असतं. नवखा आधी कडेला उभा राहून किरकोळ कामं करतो आणि हळूहळू मध्यभागी येतो. दादरच्या शिशुविहारशी जोडलेल्या ताराबाई मोडकांनी तर १९४५ साली अनुताई वाघांसह बोर्डीला जाऊन काम उभं केलं, आणि गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच कुरणात नेली. त्यांना लेव्ह-वेंगरची वाट बघावी लागली नाही.

आता सातवीतला दादा. हा मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याच्या बाजूने मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की उभा आहे. पियाजे आणि तो एकाच वर्षी जन्मले, १८९६ साली. पियाजे १९८० पर्यंत जगला. रशियातला वायगॉट्स्की १९३४ मध्ये सदतिसाव्या वर्षी क्षयाने गेला, आणि त्याचं मोठं काम इंग्रजीत यायला १९६२ उजाडलं. मुलाला एकट्याला काय येतं आणि कुणाच्या मदतीने काय जमतं, या दोहोंमधल्या पट्ट्यात शिकवणं घडतं, असं तो म्हणे. पट्ट्याच्या अलीकडे शिकवलं तर कंटाळा, पलीकडे शिकवलं तर भीती.

लोकलमधून उतरायला आपण मुलांना कसं शिकवतो ते आठवा. आधी कडेवर. मग हात धरून. मग 'माटुंगा गेलं की दाराकडे सरकायला लाग' असं सांगून आपण मागे उभं राहायचं. मग एक दिवस तो पुढे आणि आपण नुसते बघत. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी अशा मदतीला नाव दिलं, ते आपल्या मुंबईत जागोजागी दिसतं: परांची. इमारत उभी राहताना किंवा रंगवताना बांबूची बांधतात ती. परांचीचा अर्धा गुण ती वेळेवर उतरवण्यात असतो. आपल्या क्लाससंस्कृतीचं दुखणं मला इथे दिसतं. माझी स्वतःची भाची दहावीला एका मोठ्या क्लासला जायची. नोट्स छापील, प्रश्न ठरलेले, उत्तरं चौकटीत. मार्क उत्तम पडले. अकरावीत पहिल्यांदा कोरं पुस्तक हातात आलं तर म्हणाली, "आत्या, यातलं महत्त्वाचं कुठलं ते कसं कळतं?" दहा वर्षं परांची तशीच ठेवलेली, आणि आत भिंत आहे की नाही ते कुणी बघितलं नाही.

परांची कुठल्या मजल्यावर बांधायची, याचा एक मोठा धडा मुंबईतच मिळाला. इथे १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने पालिकेच्या शाळांत बालसखी उपक्रम चालवला. तिसरी-चौथीत असूनही वाचन आणि साधी गणितं न येणारी मुलं रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर काढायची आणि वस्तीतल्याच एका शिकलेल्या तरुणीने त्यांना त्यांच्या पातळीवरून शिकवायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात हे मोजलं. २००७ साली आलेल्या निष्कर्षांतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. बालसखीकडे गेलेली मुलं पुढे सरकली. मागे नेहमीच्या वर्गात राहिलेल्या मुलांचा वर्ग आपोआप लहान झाला होता, तरी त्यांच्यात फरक दिसला नाही. म्हणजे मुलांची गर्दी कमी होणं पुरेसं ठरलं नाही. मूल जिथे उभं आहे तिथून सुरुवात केली, तिथे फरक पडला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पालकांकडून दोन प्रश्न नेहमी येतात, ते उरकते. पहिला: 'आमचा बघून शिकतो, ऐकून त्याला समजत नाही, तर त्याला वेगळं शिकवाल का?' आवडनिवड प्रत्येकाची असते. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा २००८ सालच्या मोठ्या आढाव्यात सापडला नाही. नकाशा बघूनच शिकायचा असतो आणि कविता ऐकूनच, मग मूल कुठलंही असो.

दुसरा: 'इतकं वाचतो, तरी पेपरात आठवत कसं नाही?' हेरमान एबिंगहाउसने १८८५ साली निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून दाखवलं की विसरणं सुरुवातीलाच धबाधबा होतं आणि मग मंदावतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. काहींना तो एकदा वाचून मिटवायला आणि आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले, आणि अंतर थोडं नव्हतं. पुन्हा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि त्या ओळखीलाच आपण 'येतंय' समजतो. इमारतीतल्या माणसाला रोज लिफ्टमध्ये बघतो, पण नाव विचारलं तर? तसंच ते. म्हणून माझ्या सतरंजीवर शेवटची दहा मिनिटं पुस्तकं मिटलेली असतात आणि कालचं, परवाचं आठवून लिहायचं असतं. पोरांना ती दहा मिनिटं अजिबात आवडत नाहीत.

त्या मुलीला मी आगकाड्यांचे दहा-दहाचे सहा जुडगे आणि तीन सुट्या काड्या दिल्या. दादाला शेजारी बसवलं, पण हात मागे बांधून: बोलायचं, लिहायचं नाही. पुठ्ठ्याची दोन कार्डं केली. साठचं लांब कार्ड ठेवलं आणि त्यातल्या शून्यावर तीनचं छोटं कार्ड. काही दिवस ती 'साठ तीन, त्रेसष्ट' असं दोन्ही म्हणायची. मग 'साठ तीन' आपोआप गळलं. मग तिने कार्डंही मागणं सोडलं. आजीच्या म्हणण्याप्रमाणे सरावही भरपूर झाला, फक्त दहादा एकाच दिवशी न करता रोज थोडाथोडा, इतर आकड्यांत मिसळून.

गणपतीच्या आधी मी वर्गाला आकडे घातले. चौऱ्याहत्तर बरोबर, अठ्ठेचाळीस बरोबर, त्रेसष्ट तर तिने हसत हसत लिहिलं. मग मी म्हटलं, "एकोणऐंशी." तिने लिहिलं ८१.

आजी तांदूळ निवडायची थांबली आणि काहीतरी बोलणार, एवढ्यात मी सतरंजीवर तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "कसं लिहिलंस गं हे? सांग बघू."